एनए मिआटाचा गिअर दांडा ढिला पडलाय: बुश, बूट आणि टरेटमधलं तेल

वळणवाट
गाडी: माझदा एमएक्स-५ मिआटा, पहिली पिढी म्हणजे एनए, १९९२, १.६ लिटर इंजिन, ५ गिअर, अमेरिकन मॉडेल.

तक्रारी चार आहेत.
तिसऱ्यात गाडी असतानाही दांडा डावीकडे-उजवीकडे असा हलतो की वरणात पळी फिरवतोय असं वाटावं.
३५०० आरपीएमच्या आसपास दांड्यातून झणझण आवाज येतो, मुठीवर हात ठेवला की थांबतो.
कन्सोल गरम होतो आणि लांबच्या रस्त्यावर जळक्या गिअर ऑइलचा वास येतो.
थंडीत पहिली दहा मिनिटं दुसरा गिअर अडतो, नंतर नीट पडतो.

अजून काही उघडलेलं नाही. बरेच जण शॉर्ट शिफ्टर, म्हणजे कमी प्रवासाचा गिअर दांडा, टाका म्हणतात. तो टाकून हे सुटेल का? की आधी दुसरं काही बघावं?

नटबोल्ट
शॉर्ट शिफ्टर अजिबात घेऊ नका, निदान आत्ता तरी. चारपैकी पहिल्या तीन तक्रारींचं मूळ बहुतेक एकच आहे आणि ते स्वस्तात सुटतं. चौथी तक्रार वेगळी, तिच्याकडे नंतर येऊ.

आधी रचना लक्षात घ्या, म्हणजे कुठे बघायचं ते आपोआप कळेल. एनएमध्ये गिअर दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये केबल नाही, लांब सळ्या नाहीत. दांडा थेट गिअरबॉक्सच्या शेपटीवर, एका छोट्या विहिरीत उभा आहे. त्या विहिरीला टरेट म्हणतात. दांड्यावर दोन गोळे असतात. वरचा मोठा, ज्यावर दांडा झुलतो. खालचा छोटा, जो आतल्या कंट्रोल रॉडच्या खोबणीत बसून तिला ढकलतो. या छोट्या गोळ्यावर बोटाच्या पेराएवढी नायलॉनची वाटी, म्हणजेच बुश, असते. मोठ्या गोळ्यालाही प्लॅस्टिकची बैठक असते आणि ती दाबून धरायला लाटेसारखा वळलेला स्प्रिंग वायसर.

म्हणजे खेळ यायला जागाच मोजक्या. यातही खालची वाटी सगळ्यात आधी जाते. त्यात एक गणित आहे. समजा, वरच्या गोळ्यापासून मुठीपर्यंतचं अंतर हे वरच्या गोळ्यापासून खालच्या गोळ्यापर्यंतच्या अंतराच्या पाचपट आहे. मग वाटी अर्धा मिलिमीटर झिजली की मुठीवर अडीच मिलिमीटर खेळ दिसतो. वाटी फुटून पडली तर लोखंडावर लोखंड घासतं, खेळ कित्येक पटींनी वाढतो आणि झणझणही सुरू होते.

आता वासाचं. टरेटमध्ये स्वतःचं वेगळं तेल असतं. गिअरबॉक्समधलं तेल पूर्ण असलं तरी टरेट ठणठणीत कोरडा असू शकतो. ज्यांनी गिअर ऑइल वेळेवर बदललंय त्यांच्याही गाडीत हे सापडतं, कारण खालून तेल बदलताना टरेटला कुणी हातच लावत नाही. टरेटच्या तोंडावर एक छोटा रबरी बूट, म्हणजे आवरण, असतो. सायलेन्सरचा पाइप बाजूनेच जातो, त्याच्या उष्णतेने वर्षानुवर्षं भाजून हा बूट फाटतो. मग तेल उडून बाहेर येतं, गरम गिअरबॉक्सवर पडून जळतं, आणि गिअरबॉक्स ज्या मधल्या बोगद्यात बसतो तिथली गरम हवा सरळ तुमच्या कन्सोलमध्ये शिरते. त्याच्या वर दुसरा मोठा बूट असतो. तो धड असेल तर वास कमी येतो, फाटला असेल तर जास्त.

तेलकट_हात
नटबोल्ट यांच्याशी सहमत. फक्त उघडण्याआधी पाच मिनिटांच्या तपासण्या करून घ्या, नाहीतर बुश बदलूनही खेळ राहिला की कळत नाही काय चुकलं.

एक: इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. दांडा सरळ वर ओढा आणि खाली दाबा. टक-टक असा उभा खेळ जाणवला तर वरची बैठक किंवा लाटेचा वायसर दमला आहे. खालच्या वाटीचा उभ्या खेळाशी संबंध नाही.

दोन: इंजिन बंद, तिसऱ्यात टाका. आता आडवा आणि पुढे-मागे हलवून बघा. इथे मुक्तपणे हलत असेल तर वाटी.

तीन: गाडी चालवताना दुसऱ्यात असताना ॲक्सिलरेटर दाबा आणि सोडा. दांडा स्वतःहून सरकत असेल तर दोष दांड्यात नाही. इंजिनचे माउंट बसले आहेत किंवा पीपीएफचे बोल्ट ढिले आहेत. पीपीएफ म्हणजे गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारा ॲल्युमिनियमचा लांब खांब. या गाडीत गिअरबॉक्सला वेगळा मागचा माउंट नसतो, तो खांबच गिअरबॉक्सला मागून तोलून धरतो. त्याचे मोठे बोल्ट १०४ ते १२३ न्यूटन-मीटरवर हवेत. आधी कुणी क्लचचं काम करून ते नुसते अंदाजाने आवळले असतील तर दांडा कन्सोलच्या मधोमध न राहता एका बाजूला कललेला दिसतो.

चार: न्यूट्रलमध्ये दांडा सोडून द्या. तो तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत मधोमध परत यायला हवा. येत नसेल, कुठेही लोळत असेल, तर आतल्या स्प्रिंगांकडे संशय जातो. ते काम नायलॉन वाटीच्या पलीकडचं.

सांधेमोड
सामान काय काय मागवायचं? एकदम यादी द्या म्हणजे कन्सोल दोनदा उघडायला नको.

नटबोल्ट
छोटा आतला बूट, मोठा बाहेरचा बूट, खालची नायलॉन वाटी, वरच्या गोळ्याची बैठक आणि लाटेचा वायसर. हे पाच भाग सगळे एकदमच बदला. वाटी एकटी बदलून फाटका बूट तसाच ठेवला तर नवं तेल पुन्हा उडून जाईल आणि नवी वाटीही कोरडी घासेल. बूट मूळ कंपनीचेच घ्या. स्वस्त बुटांचं रबर कडक असतं, त्यामुळे एकतर चढवताना फाटतं किंवा दांड्याला मागे ओढत राहतं आणि पाचवा गिअर टाकताना हाताला विरोध जाणवतो.

तेल ७५डब्ल्यू-९० गिअर ऑइल, टरेटला ८० ते ९० मिलिलिटर. १०० मिलिलिटर हाताशी असलं की पुरे.

हत्यारं: १० आणि १२ मिमीचे सॉकेट, छोटं रॅचेट, १५ सेंटिमीटरचं एक्स्टेन्शन, फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, लांब चोचीची पक्कड, ६० मिलिलिटरची सिरिंज आणि तिच्या तोंडाला बसेल अशी वीतभर प्लॅस्टिकची नळी. धागे न सुटणारी फडकी भरपूर. ब्रेक क्लीनरचा एक डबा.

वळणवाट
तपासण्या केल्या. उभा खेळ थोडा आहे, आडवा खूप. ॲक्सिलरेटर सोडल्यावर दांडा हलत नाही. न्यूट्रलमध्ये मधोमध येतो. आता उघडण्याची नीट कृती सांगाल का? गाडी उचलावी लागेल का?

नटबोल्ट
गाडी उचलायची नाही. हे सगळं काम आतून, सीटवर गुडघा टेकून होतं. सपाट जागा, इंजिन पूर्ण थंड, चाकांच्या पुढे-मागे ठोकळे. ठोकळे नक्की लावा, कारण कन्सोल काढताना हँडब्रेक वर-खाली करावा लागतो आणि गाडी न्यूट्रलमध्ये असते.

मूठ डावीकडे फिरवून काढा. आटे एम१० बाय १.२५ आहेत. हलत नसेल तर रबरी हातमोजे घालून फिरवा. दांड्याला पक्कड लावू नका, ओरखडे पडले की नवा बूट सरकवताना त्यानेच फाटतो.

मग कन्सोल. पुढे पायांच्या बाजूला दोन्हीकडे स्क्रू आहेत, बाकीचे मागच्या खणात आणि ॲशट्रेखाली. कन्सोल मागून उचला, पण झटक्याने नको. खिडक्या विजेच्या असतील तर बटणांची वायर खाली जोडलेली असते, कनेक्टर सोडवा आणि मग बाहेर काढा.

खाली इन्सुलेशनचा तुकडा असेल, तो बाजूला करा. आता मोठा बूट दिसेल, १० मिमीचे चार बोल्ट. ते काढले की बूट दांड्यावरून वर सरकवा. इथे थांबा आणि सफाई करा. टरेटच्या भोवती तीस वर्षांची माती, वाळू आणि तेलाचा चिखल असतो. तसंच उघडलं तर तो सगळा विहिरीत पडतो. ब्रेक क्लीनर थेट फवारू नका, फडक्यावर घेऊन पुसा, कारण बूट फाटका असेल तर फवारा आत जाईल.

दांड्याच्या पुढच्या बाजूला पांढऱ्या रंगाने एक खूण करा. दांडा सरळ नाही, वाकवलेला आहे, परत लावताना दिशा चुकायला नको.

मग १२ मिमीचे तीन बोल्ट. ते काढले की दांडा सरळ वर उचला. तो पचकन आवाज करत निघेल. फोनवर फोटो काढा: वरून खाली कोणता भाग कशावर बसला आहे, वायसरची वळणं कुठे आहेत.

आता खालच्या टोकाकडे बघा. वाटी गोळ्यावर आहे का? नसेल तर ती खाली खोबणीत राहिली आहे, किंवा तुकडे होऊन तेलात पडली आहे. टॉर्च लावून शोधा. नायलॉनला लोहचुंबक लागत नाही, त्यामुळे तुकडे पकडीने किंवा सिरिंजने तेलासोबत ओढूनच काढावे लागतात. सगळे तुकडे जुळवून पूर्ण वाटी झाली की मगच पुढे जा. एक तुकडा खोबणीत राहिला तर नवी वाटी तिरकी बसेल.

जुनं तेल सिरिंजने ओढून घ्या आणि किती निघालं ते मोजा. तळ आणि भिंती फडक्याने पुसा. खोबणीच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. गुळगुळीत लागली तर ठीक. पायरी किंवा खाच लागली तर समजा की बराच काळ वाटीशिवाय गाडी चालली आहे. तरी नवी वाटी टाका, खेळ बराच कमी होतो, पूर्ण जात नाही.

तेलकट_हात
बूट चढवण्याबद्दल थोडं. लोक इथेच अडकतात. छोट्या बुटाचं भोक दांड्याच्या मानाने इवलंसं असतं आणि ते ताणून मोठ्या भागावरून न्यावं लागतं. बूट दहा मिनिटं कढत पाण्यात ठेवा, दांड्यावर साबणाचं पाणी लावा आणि दोन्ही अंगठ्यांनी चहूबाजूंनी थोडं थोडं सरकवा. स्क्रूड्रायव्हरने ढकलू नका. पेट्रोलियम जेली किंवा साधं ग्रीस लावू नका, रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीस चालतं. बुटाची वरची ओठासारखी कड दांड्यावरच्या खाचेत चारही बाजूंनी बसली पाहिजे. बोटाची नखं फिरवून तपासा. एका बाजूला जरी खाचेबाहेर राहिली तरी तिथूनच तेल झिरपायला सुरुवात होते. चढवून झाल्यावर साबण पुसून कोरडं करा, पाणी टरेटमध्ये जाता कामा नये.

नटबोल्ट
बरोबर. उरलेलं सांगतो.

वाटी खालच्या गोळ्यावर दाबून बसवा, टच असा आवाज येतो. आत-बाहेर थोडं तेल लावा. वरची बैठक आणि वायसर फोटोप्रमाणे लावा. आता तेल, ८० ते ९० मिलिलिटर, सिरिंजने सावकाश. जास्त भरल्याने फायदा नाही, दांडा बसवताना ते वर येतं आणि बुटाच्या कडेतून बाहेर ढकललं जातं. पुन्हा तोच वास.

दांडा सरळ खाली सोडा. वाटी खोबणीत शिरली की हाताला कळतं, दांडा बोटभर आणखी खाली उतरतो. नाही उतरला तर जोर लावू नका, थोडा पुढे-मागे डोलवा. तिन्ही बोल्ट आधी बोटांनी लावा, मग आलटून-पालटून थोडे थोडे आवळा. घर ॲल्युमिनियमचं आहे, आटे सहज जातात. रॅचेट दांड्याच्या टोकाला धरू नका, डोक्याजवळ मुठीत धरून आवळा म्हणजे जोर आपोआप मर्यादेत राहतो.

कन्सोल लावण्याआधी पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा. मगच मोठा बूट, इन्सुलेशन, कन्सोल. इन्सुलेशनचा तुकडा परत लावायला विसरू नका. कन्सोलकडे येणारी बरीच उष्णता तोच अडवतो.

पहिल्यांदा करणाऱ्याला दोन-अडीच तास लागतात.

पितळी
नायलॉनऐवजी पितळेची वाटी मिळते. ती कधीच फुटत नाही. मग नायलॉन कशासाठी?

तेलकट_हात
फुटत नाही हे खरं. पण नायलॉन तिथे मुद्दाम ठेवलं आहे. गिअरबॉक्समधली कंपनं दांड्यात येण्याआधी तीच वाटी ती गिळते. पितळ ती सरळ मुठीपर्यंत पोचवतं. वळणवाट यांची तक्रारच ३५०० च्या झणझणीची आहे, त्यांना पितळ लावलं तर खेळ जाईल आणि झणझण वाढेल.

दुसरं जास्त महत्त्वाचं. दोन भाग एकमेकांवर घासतात तेव्हा झिजावा तो स्वस्त भाग. नायलॉनची वाटी झिजली तर कन्सोल उघडून तासाभरात बदलता येते. कंट्रोल रॉडची खोबण झिजली तर गिअरबॉक्स खाली उतरवून उघडावा लागतो. ट्रॅकवर पळवणाऱ्या गाडीत, जिथे गिअर दर काही सेकंदाला बदलतो आणि आवाजाशी कुणाला देणंघेणं नाही, तिथे पितळ समजू शकतो. रस्त्यावरच्या गाडीत मी नायलॉनच लावीन.

पितळी
पटलं. आणि शॉर्ट शिफ्टरचं काय?

नटबोल्ट
शॉर्ट शिफ्टर दोन प्रकारे दांड्याचा प्रवास कमी करतो. एकतर झुलण्याचा बिंदू वर उचलतो, नाहीतर खालचा भाग लांब करतो. वर सांगितलेलं पाचपटीचं गणित आठवा. ते पाचऐवजी साडेतीनवर आलं की मुठीवरचा खेळही त्याच प्रमाणात कमी दिसतो. म्हणून लोकांना वाटतं की ढिलेपणा गेला. गेलेला नसतो, झाकला जातो. वाटी तेवढीच झिजलेली असते.

आणि त्याची किंमत सिंक्रोला, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या कड्याला, मोजावी लागते. प्रवास कमी झाला की तेवढंच काम करायला हाताला जास्त जोर लागतो, आणि घाईत तो जोर सिंक्रोवर पडतो. दुसऱ्या गिअरचा सिंक्रो आधीच दमला असेल तर तो लवकर जातो. एनएचा मूळ दांडा तसाही आखूड प्रवासाचा आहे. मनगट हलवलं की गिअर पडतो, हात हलवावा लागत नाही. मूळ भाग नवे असताना तो कसा चालतो हे एकदा अनुभवा, मग ठरवा. जड मूठ मात्र बिनधास्त लावा. वजनामुळे दांडा सिंक्रोच्या खाचेतून सहज पुढे सरकतो आणि कशालाही इजा होत नाही.

डोंगरउतार
तेलाबद्दल गोंधळ आहे. गिअर ऑइलच्या दोन दर्जांपैकी जीएल-४ की जीएल-५? काही म्हणतात जीएल-५ ने पितळी सिंक्रो खराब होतात.

नटबोल्ट
एनएच्या गिअरबॉक्ससाठी माझदा जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही चालतील म्हणते, ७५डब्ल्यू-९०. १० अंशांच्या खाली हवा जातच नसेल तर ८०डब्ल्यू-९० सुद्धा. त्यामुळे जीएल-५ म्हणजे विष नाही. पण जीएल-५ मधली गंधकाची जादा रसायनं डिफरन्शियलच्या हायपॉइड दातांसाठी असतात, सिंक्रोला त्यांचा उपयोग नाही. तेल जितकं घसरडं तितकं सिंक्रोच्या कड्याला घर्षण मिळायला वेळ लागतो. म्हणून गिअरबॉक्सला जीएल-४ ७५डब्ल्यू-९० आणि डिफरन्शियलला जीएल-५, हा हिशेब जास्त योग्य. टरेटमध्ये सिंक्रो नाहीतच, तिथे दोन्हीपैकी काहीही चालेल.

गिअरबॉक्सला २ लिटर लागतं. आधी भरण्याचा बोल्ट सोडवून बघा, मगच खालचा उघडा. भरण्याचा बोल्ट गंजून अडकला असेल आणि तेल आधीच सोडून बसलात तर गाडी जागेवरच राहील. तेल कोमट असताना सोडा, पण कढत नको.

मद्रासी_मेल
थोडं विषयांतर, पण प्रश्न जवळचाच आहे. स्टँडर्ड हेराल्डच्या गिअर दांड्यालाही असाच खेळ येतो. हीच पद्धत लागू आहे का?

तेलकट_हात
तशीच नाही, पण विचार तोच. हेराल्ड आपल्याकडे मद्रासला बनायची आणि तिचा गिअरबॉक्स ट्रायम्फ स्पिटफायरच्या घराण्यातला. तिथे दांडा थेट गिअरबॉक्सवर नाही, मागे काढलेल्या रिमोट हाउसिंगवर आहे. म्हणून खेळ यायला एनएपेक्षा जास्त जागा: दांड्याच्या खालच्या टोकाचा बुश, आणि रिमोटचा दांडा जिथे गिअरबॉक्सच्या दांड्याला जोडला जातो तो सांधा. बुश बदलायला स्पिटफायरचेच किट शोधा, हेराल्डच्या नावाने शोधलंत तर फार कमी मिळतं. सांध्यातली पिन काढल्यावर तिचं भोक गोल आहे का लंबगोल झालंय ते बघा. लंबगोल असेल तर नव्या बुशांनीही खेळ जाणार नाही. भोक मोठं करून थोड्या जाड मापाची पिन टर्नरकडून करून घ्यावी लागेल.

राइनकाठ
आणि हवेने थंड होणारी पोर्शे ९११? १९८३ ची आहे, ९१५ गिअरबॉक्स. पहिला शोधावा लागतो.

नटबोल्ट
तिथे इंजिन-गिअरबॉक्स मागे आणि दांडा पुढे, मध्ये बोगद्यातून जाणारा लांब रॉड. या लांबीमुळे सगळ्यात जास्त दोष मागच्या कपलरमध्ये, म्हणजे रॉड गिअरबॉक्सला जोडणाऱ्या सांध्यात, येतो. मागच्या दोन सीटांच्या मधोमध कार्पेटखाली झाकण आहे, त्याच्याखाली तो बसतो. आतले प्लॅस्टिकचे बुश कालांतराने बिस्किटासारखे भुसभुशीत होतात, झाकण उघडल्यावर तळाशी त्यांचा चुरा दिसतो. पुढे दांड्याच्या बुडाशी असलेली वाटीही बदला.

क्लँप सोडण्याआधी रॉडवर मार्करने दोन खुणा करा, एक कपलर कुठपर्यंत येतो त्याची आणि एक वरच्या बाजूची, म्हणजे रॉड किती फिरला ते कळेल. परत त्याच खुणांवर आवळा. नंतर बारीक जुळणी करायची झाली तर हे लक्षात ठेवा: पहिला-तिसरा-पाचवा अर्धवट पडतो आणि दुसरा-चौथा नीट, किंवा उलट, असं असेल तर रॉडची लांबी चुकली आहे. एका बाजूची रांगच सापडत नसेल तर रॉडचा फिरवलेला कोन चुकला आहे. एका वेळी मिलिमीटरभरच सरकवा आणि प्रत्येक वेळी सगळे गिअर टाकून बघा. तुमचा पहिला सापडत नाही म्हणजे कोनाकडेच आधी बघा.

वळणवाट
काम झालं. टरेटमधून जेमतेम १० मिलिलिटर निघालं, काळं आणि पातळ, जळकं. वाटीचे तीन तुकडे: एक गोळ्यावर अडकलेला, दोन खोबणीत. तळहातावर जुळवून ठेवले तर कडेला कागदाइतकी जाडी उरलेली. छोटा बूट पुढच्या बाजूने अर्ध्या घेरात फाटलेला, पिळल्यावर करकरतो. खोबण गुळगुळीत आहे. ८५ मिलिलिटर भरलं. आडवा खेळ जवळजवळ गेला, झणझण पूर्ण थांबली, वास नाही. दुसरा गिअर मात्र थंडीत अजूनही अडतो.

तेलकट_हात
छान. खोबण वाचली हे सगळ्यात चांगलं झालं.

दुसऱ्या गिअरचं आता. गिअरबॉक्सचं तेल बदला, थंडीतल्या अडकण्यावर त्याचा फरक पडतो. पण त्याआधी क्लच तपासा. एनएचा क्लच स्लेव्ह सिलिंडर (पेडलकडून आलेल्या तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा) गळतो ही जुनी ओळखीची तक्रार आहे, आणि क्लच अर्धवट सुटत असेल तरी गिअर अडल्यासारखाच वाटतो. इंजिन सुरू, क्लच पूर्ण दाबून ५ सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. करकरलं तर क्लच सुटत नाहीये. गाडीखाली स्लेव्हचं रबर थोडं मागे सरकवा, आत ओलं दिसलं तर स्लेव्ह गेला. बॉनेटखालच्या क्लचच्या डबीत तेल काळं झालं असेल तर सील झिजायला लागलं आहे. मास्टर (पेडलकडचा सिलिंडर) आणि स्लेव्ह दोन्ही एकदमच बदला. नवा स्लेव्ह लावला की दाब पूर्ण येतो आणि जुना मास्टर काही दिवसांत गळायला लागतो.

क्लच ठीक निघाला आणि अडणं फक्त पहिल्या दहा मिनिटांपुरतंच असेल, तर नवं जीएल-४ टाका आणि तेल गरम होईपर्यंत दुसरा सावकाश टाका, दामटू नका. गरम झाल्यावरही करकरला तरच सिंक्रोचा विचार करायचा.

वळणवाट
रिव्हर्स शांत पडतो, स्लेव्ह कोरडा आहे, डबीतलं तेल पिवळसर. म्हणजे आता गिअर ऑइल. टरेटचं तेल पुन्हा कधी तपासायचं?

नटबोल्ट
गिअरबॉक्सचं तेल बदलाल त्या प्रत्येक वेळी मूठ काढून कन्सोल उचला, मोठा बूट सोडा आणि छोट्या बुटाभोवती कोरडं फडकं फिरवा. कोरडं निघालं तर आत सगळं ठीक आहे, टरेट उघडायची गरज नाही. तेलकट निघालं तर बुटाची कड खाचेतून सुटली आहे, आधी ती बसवा, मग सिरिंजने तेल मोजून भरा.